श्रवणतंत्रिकेची गणिती प्रतिमाने आणि मराठीतील ध्वनिभेद

उतारवयातील माणसांच्या तोंडून "ऐकू येते, पण काय म्हणालात ते कळत नाही" ही तक्रार ज्याने ऐकली नाही असा वाचक विरळा. तक्रार साधी दिसते. परंतु तिच्यात श्रवणशास्त्रातील एक अवघड प्रश्न दडलेला आहे. दवाखान्यात कानाची जी नेहमीची तपासणी होते तीत एकेका कंपनसंख्येचा शुद्ध नाद कानावर सोडून, तो किती मोठा केला असता ऐकू येऊ लागतो एवढेच पाहतात, आणि अशा रीतीने सापडलेल्या उंबरठ्यांचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, रोग्याच्या हाती देतात. हा आलेख 'ऐकू येते की नाही' या प्रश्नाचे उत्तर देतो. 'कळते की नाही' या प्रश्नाला तो फारसा स्पर्श करीत नाही. या दोन प्रश्नांमधील अंतर भरून काढण्याचा जो सर्वांत पद्धतशीर प्रयत्न गेल्या तीसएक वर्षांत झाला, तो श्रवणतंत्रिकेच्या गणिती प्रतिमानांचा होय. लॉरेल कार्नी यांचे १९९३ चे प्रतिमान, त्यावरून झांग आणि सहकाऱ्यांनी २००१ साली केलेली आवृत्ती, श्रवणाघाताचा विचार प्रथमच नीट अंतर्भूत करणारी ब्रूस, सॅक्स व यंग यांची २००३ ची आवृत्ती, पुढे झिलानी व ब्रूस (२००६), झिलानी, ब्रूस व कार्नी (२०१४), आणि ब्रूस, इर्फानी व झिलानी (२०१८) अशी ही परंपरा आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेची चिकित्सा करण्याचा विचार आहे, आणि ती मराठी भाषेच्या बाजूने करावयाची आहे. कारण या प्रतिमानांत जे उणे आहे ते इंग्रजीच्या चष्म्यातून सहजी दिसत नाही, मराठीच्या चष्म्यातून मात्र ताबडतोब दिसते, असे आमचे मत आहे.

प्रतिमान कशाचे आहे हे आधी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत, जिला येथे कर्णशंख म्हणू, एक पडदा लांबीभर पसरलेला असतो. त्याच्या मध्यकर्णाकडील टोकाशी उच्च कंपनसंख्यांचे नाद आणि दूरच्या टोकाशी नीच कंपनसंख्यांचे नाद अधिकात अधिक हेलकावा उत्पन्न करतात. म्हणजे जागेवरून कंपनसंख्या ओळखता येते. या पडद्यावर रोमपेशींच्या ओळी असतात. मनुष्याच्या एका कानात आतील रोमपेशी सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरील सुमारे बारा हजार. ऐकण्याचे खरे काम आतील पेशींचे. मेंदूकडे जाणाऱ्या सुमारे तीस हजार तंतूंपैकी बहुसंख्य तंतू त्यांनाच जोडलेले असतात. बाहेरील पेशींचे काम वेगळे व विलक्षण आहे. त्या स्वतः आखडतात आणि लांबतात, आणि त्यायोगे मंद नादांना बळ देतात व प्रत्येक जागेची निवड अधिक काटेकोर करतात. बाहेरील पेशी मेल्या म्हणजे मंद नाद ऐकू येईनासे होतात हे एक, आणि प्रत्येक तंतू आपल्या शेजारच्या कंपनसंख्यांनाही प्रतिसाद देऊ लागतो हे दुसरे. पहिला दोष यंत्राने आवाज मोठा करून काही अंशी भरून निघतो. दुसरा निघत नाही. वरच्या तक्रारीतील 'कळत नाही' याचे मूळ बव्हंशी या दुसऱ्या दोषात आहे.

श्रवणतंत्रिकेतील एकेका तंतूचे विद्युत्स्पंद मोजण्याचे काम मॅसॅच्युसेट्‌स येथे कियांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरावर केले व ते १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. वाणीच्या दृष्टीने निर्णायक ठरलेले काम मात्र बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॅक्स व यंग यांचे. त्यांनी १९७९ साली दाखविले की, स्वर हळू आवाजात कानावर पडला तर ज्या तंतूंची जागा स्वराच्या फॉर्मंटपाशी आहे ते इतरांहून जलद स्पंदतात व स्वराचा आकार स्पंदांच्या संख्येत उमटतो. परंतु आवाज संभाषणाच्या पातळीला आला की बहुतेक तंतूंची मर्यादा संपते, सर्वच तंतू सारख्याच वेगाने स्पंदू लागतात आणि तो आकार पुसला जातो. मग स्वर ओळखला कशावरून जातो? त्यांचे उत्तर असे की, स्पंद किती येतात यापेक्षा केव्हा येतात यावरून. तंतू नादाच्या लाटेशी ताल धरतात. दुसऱ्या फॉर्मंटच्या जागेचा तंतू दुसऱ्या फॉर्मंटच्या तालावर स्पंदतो आणि बाकीचे घटक त्याच्यापुढे दबून जातात. हा ताल चार-पाच हजार हर्ट्‌झच्या वर टिकत नाही, पण फॉर्मंटांना तेवढे पुरते. पुढे १९९७ साली त्याच विद्यापीठात मिलर, शिलिंग, फ्रँक व यंग यांनी आवाजाच्या माऱ्याने कान दुखावलेल्या मांजरांवर हाच प्रयोग केला. स्वर होता इंग्रजी 'बेट' या शब्दातील 'ए'. फॉर्मंट ५००, १७०० व २५०० हर्ट्‌झ. निरोगी कानात दुसऱ्या व तिसऱ्या फॉर्मंटच्या तंतूंनी आपापला ताल धरला होता. दुखावलेल्या कानात ते तंतू पहिल्या फॉर्मंटच्या आणि इतर भलत्यासलत्या घटकांच्या तालावर स्पंदू लागले. म्हणजे वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंना खालच्या मजल्यावरील गोंगाटच ऐकू यावा तसे. या एका आकृतीने "ऐकू येते पण कळत नाही" या तक्रारीचे शरीरशास्त्र डोळ्यांपुढे उभे केले, आणि ती आकृती संगणकावर हुबेहूब काढता येणे ही नंतरच्या प्रत्येक प्रतिमानाची कसोटी ठरली.

या कसोटीला प्रतिमाने उतरली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कानावर पडणारी लाट एका टोकाने घालावी आणि दुसऱ्या टोकाने हजारो तंतूंचे स्पंद बाहेर पडावेत; मधल्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे मध्यकर्णाची गाळणी, बाहेरील पेशींचे बळ देणे, आतील पेशींचे रूपांतर, पेशी व तंतू यांमधील सांधा, यांपैकी प्रत्येकाला प्रयोगसिद्ध आधार असावा; आणि ऱ्हासाचा परिणाम नुसता शेवटी चिकटवलेला नसून त्या त्या टप्प्यावरच घडावा, हे काम लहान नव्हे. श्रवणऱ्हासासाठी प्रतिमानात दोन गुणक असतात, एक बाहेरील पेशींच्या कार्यक्षमतेचा व एक आतील पेशींच्या. दोन्ही एक असले म्हणजे कान निरोगी, शून्य असले म्हणजे त्या जागेची पेशी निकामी. मांजराच्या कानाच्या ठिकाणी मनुष्याच्या कानाची काटेकोरी घालण्याची सोय पुढे झाली. शिवाय या सर्वांची आज्ञावली कोणाही विद्यार्थ्याला विनामूल्य उपलब्ध आहे. ज्यांच्यापाशी मांजरही नाही आणि सूक्ष्म विद्युदग्रही नाहीत अशा भाषाशास्त्राच्या विभागाला इतकी मोठी देणगी क्वचितच मिळते.

परंतु या दोन गुणकांपाशीच पहिली अडचण आहे. रोग्याचा ऑडिओग्राम एकच. त्यातील पन्नास डेसिबेलचा ऱ्हास बाहेरील पेशींमुळे किती आणि आतील पेशींमुळे किती हे त्या आलेखावरून कळत नाही. आज्ञावलीला मात्र दोन आकडे हवेत. म्हणून तिच्यात एक ठरीव वाटणी घालून ठेवली आहे : दोन-तृतीयांश बाहेरील पेशींचा, उरलेला आतील पेशींचा. ही वाटणी निराधार नाही. सरासरी म्हणून तिला पुरावा आहे. पण सरासरी ही एका माणसाला लागू पडतेच असे नाही. त्याच पन्नास डेसिबेलची वाटणी बदलली तर प्रतिमानाचे उत्तर बदलते, कारण बाहेरील पेशींचा ऱ्हास तंतूंची निवड ढिली करतो, तर आतील पेशींचा ऱ्हास निवड तशीच ठेवून केवळ प्रतिसाद क्षीण करतो. पहिल्याला स्वर पुसट होतो, दुसऱ्याला मंद. ठरीव वाटणी न बदलता आकृत्या काढल्या आणि त्या आकृत्यांना 'अमुक ऱ्हासाचा परिणाम' असे नाव दिले, तर ते नाव अर्धवट असते. तो अमुक ऱ्हासाचा व अमुक वाटणीचा परिणाम असतो. प्रतिमान वापरणाऱ्या विद्यार्थ्याने निदान तीन वाटण्यांनी उत्तर काढून पाहावे आणि जे निष्कर्ष तिन्हींत टिकतील तेवढेच मांडावेत, एवढी शिस्त पाळणे कठीण नाही.

याहून मोठा आक्षेप प्रतिमानाच्या आतल्या यंत्रणेवर नसून त्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर आहे. तंतूंच्या स्पंदांचे चित्र काढले, की त्यावरून वाणी किती सुबोध राहिली हे ठरवावयाचे असते. त्यासाठी प्रचारात असलेली पद्धत अशी : तोच शब्द निरोगी कानाच्या प्रतिमानात घालून एक चित्र काढावे, दुखावलेल्या कानाच्या प्रतिमानात घालून दुसरे काढावे, आणि दोहोंतील सारखेपणा एका आकड्यात मोजावा. झिलानी व ब्रूस यांनी २००७ साली वापरलेला निर्देशांक काय, किंवा डब्लिन येथील हाइन्स व हार्ट यांनी प्रतिमांच्या तुलनेच्या शास्त्रातून आणलेला निर्देशांक काय, दोहोंचे तत्त्व एकच आहे. निरोगी चित्र हे मूळ, दुसरे त्याची बिघडलेली प्रत. प्रत मुळापासून जितकी दूर तितकी वाणी दुर्बोध.

या तत्त्वाशी पुण्यातील भाषाभ्यासकाचे सहजी जमू नये. १९५४ नंतरच्या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने आणि सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने डेक्कन कॉलेजात आधुनिक भाषाविज्ञानाच्या अध्यापनाची जी पायाभरणी झाली, उन्हाळी वर्गांतून जी पिढी तयार झाली, ना. गो. कालेलकरांनी 'ध्वनिविचार' लिहून मराठी वाचकाला जे सांगितले, आणि अशोक केळकरांनी कॉर्नेल विद्यापीठाला १९५८ साली सादर केलेल्या मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवरील व पदव्यवस्थेवरील प्रबंधात जे काटेकोरपणे मांडले, त्या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे : भाषेतील ध्वनी हा आपल्या अंगच्या गुणांमुळे ध्वनी नसतो, दुसऱ्यापासून वेगळा राहण्यामुळे असतो. 'पाट' मधील ट कसा वाजतो याला भाषेच्या दृष्टीने महत्त्व येते ते कांद्याची 'पात' त्याच्या शेजारी उभी आहे म्हणून. तेव्हा दुखावलेल्या कानाला विचारावयाचा प्रश्न 'तुझा पाट निरोगी कानाच्या पाटापासून किती दूर गेला?' असा नाही; 'तुझ्या आत पाट आणि पात अजून वेगळे आहेत काय?' असा आहे. हे दोन प्रश्न सारखे नाहीत. एखाद्या कानात दोन्ही शब्दांची चित्रे मुळापासून फार दूर सरकलेली असतील, पण एकमेकांपासूनचे अंतर शाबूत असेल. तो माणूस थोड्या सवयीने दोन्ही ओळखील. उलट दुसऱ्या कानात दोन्ही चित्रे मुळापासून थोडीच हललेली असतील, पण नेमकी एकमेकांच्या दिशेने. तो माणूस चुकेल. प्रचलित निर्देशांक पहिल्याला वाईट व दुसऱ्याला बरा म्हणेल.

न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की भेदाचा प्रश्न या शास्त्रात कोणी विचारलाच नाही असे नाही. कानावर पडणारे व्यंजन कोणते आणि ऐकणाऱ्याने लिहिले कोणते याची कोष्टके मिलर व नाइसली यांनी सोळा इंग्रजी व्यंजनांसाठी १९५५ सालीच प्रसिद्ध केली (हे मिलर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, मांजरांच्या प्रयोगातील मिलर निराळे). श्रवणतंत्रिकेच्या प्रतिमानावरून दोन नादांतील कमीत कमी किती फरक कळू शकेल हे हाइन्झ, कोलबर्न व कार्नी यांनी २००१ साली फार उत्तम रीतीने काढले. आणि एकाच वेळी उच्चारलेले दोन स्वर वेगळे ओळखता येण्याविषयी चिंतनपल्ली व हाइन्झ यांनी याच प्रतिमानांच्या आधारे काम केले आहे. म्हणजे साधन आहे, पद्धतही आहे. पण ती शुद्ध नादांपाशी व स्वरांपाशी थांबली. व्यंजनांच्या बाबतीत साम्याच्या निर्देशांकाचाच सुळसुळाट झाला. इंग्रजीपुरते पाहिले तर यामुळे फारसे बिघडलेही नसेल. मराठीचे तसे नाही.

मूर्धन्यांचेच उदाहरण घेऊ, कारण तेथे प्रतिमानाचे बळ आणि त्याचा अपुरा वापर ही दोन्ही एकदम दिसतात. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांच्या भेदावर मराठीचा केवढा संसार उभा आहे हे सांगण्याची गरज नाही : मण आणि मन, काळ आणि काल, वेळ आणि वेल, गाळ आणि गाल. मूर्धन्य व्यंजनाच्या आधीच्या स्वराच्या अखेरीस जीभ मागे वळू लागते व त्या क्षणी तिसरा फॉर्मंट खाली झुकून दुसऱ्याच्या जवळ येतो. दंत्यापूर्वी तसे होत नाही. व्यंजन सुटल्यानंतर मात्र जीभ पुढे आलेली असते, म्हणून पुढच्या स्वरात हा भेद पुष्कळच फिका असतो. ण आणि ळ मराठीत शब्दारंभी येत नाहीत ही व्याकरणातील जुनी नोंद येथे ध्वनिशास्त्राशी किती चांगली जुळते हे अभ्यासकाच्या ध्यानात येईल. तेव्हा या भेदाचा मोठा भार आधीच्या स्वराच्या शेवटच्या काही शतांश सेकंदांवर आणि दोन व अडीच हजार हर्ट्‌झच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यावर आहे. आता १९९७ च्या आकृतीकडे पुन्हा पाहावे. दुखावलेल्या कानात प्रथम जे हरवते ते नेमके हेच : दुसऱ्या व तिसऱ्या फॉर्मंटच्या तंतूंचा स्वतःचा ताल. इंग्रजीत तिसऱ्या फॉर्मंटचे असे ठळक काम मुख्यतः 'र' या एका व्यंजनापुरते आहे. मराठीत त्याच्यावर अख्खा टवर्ग आणि वर ळ. जे प्रतिमान तिसऱ्या फॉर्मंटचा नाश इतक्या अचूकपणे दाखविते, त्यालाच हा प्रश्न विचारला जात नाही, याला काय म्हणावे?

यावरून एक भाकीत करता येते व ते तपासून पाहण्याजोगे आहे. वार्धक्याचा सामान्य ऱ्हास उच्च कंपनसंख्यांकडून खाली उतरतो. असा कान मराठी ऐकत असता दंत्य-मूर्धन्य भेद अल्पप्राण-महाप्राण भेदाच्या आधी गमवील. महाप्राणांची खूण दुसऱ्या जागी आहे. ख, थ यांसारख्या अघोषांत ती स्पर्श सुटल्यानंतर घोष सुरू होईपर्यंतच्या श्वासाच्या कालावधीत असते, आणि घोष कोणत्या क्षणी सुरू झाला हे नीच कंपनसंख्यांच्या तंतूंनाही कळते. (फ चा विचार वेगळा करावा लागेल, आज बहुतेकांच्या तोंडी तो महाप्राण स्पर्श राहिलेला नसून घर्षक झाला आहे.) घ, ध, भ यांत तर श्वास आणि नाद ही दोन्ही एकदम असतात, ऋक्प्रातिशाख्यकारांनी हे इतके स्पष्ट पाहिले होते की युरोपीय ध्वनिशास्त्राला ते समजावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. उपकरणांच्या भाषेत सांगावयाचे तर अशा व्यंजनानंतरच्या स्वरारंभी पहिला, म्हणजे सर्वांत नीच, संवादी घटक इतरांच्या मानाने बळावतो, वरचे घटक क्षीण होतात व त्यांत श्वासाची खरखर मिसळते. यांपैकी पहिली खूण कर्णशंखाच्या त्या भागात आहे जो म्हातारपणी सर्वांत शेवटी बिघडतो. म्हणून 'दार' आणि 'धार' यांतील भेद 'गाल' आणि 'गाळ' यांतील भेदाहून अधिक काळ टिकावा.

पण येथे एक अपवाद संभवतो. म्ह, न्ह, ल्ह, व्ह हे ध्वनी मराठीचे खास धन. केली बर्कसन यांनी कॅन्सस विद्यापीठात २०१३ साली मराठीतील या प्रकारच्या घोषाचा जो तपशीलवार अभ्यास सादर केला, त्यातून हा भेद स्पर्शांच्या मानाने या ध्वनींत क्षीण असल्याचे दिसते. रोजच्या बोलण्यात तर तो पुष्कळदा गळतोच. 'आम्ही' चे 'आमी' होते, 'म्हैस' ची 'मैस' होते, आणि कोणाचे काही अडत नाही. 'नाणे' आणि 'न्हाणे' यांसारख्या जोडीत मात्र अडू शकते. जो भेद निरोगी कानालाच अंगावरून ओझरता जातो, तो थोड्या ऱ्हासानेही नाहीसा होईल की संदर्भाच्या आधाराने तगेल? पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर प्रतिमान देऊ शकते. दुसऱ्याचे नाही, आणि देण्याचा आवही त्याने आणू नये.

च आणि ज यांविषयी थोडक्यात. संख्यावाचक 'चार' तालव्य, 'गुरांना चार' यातील 'चार' दंततालव्य. 'जग' म्हणजे दुनिया तालव्य, 'जग' म्हणजे जिवंत राहा दंततालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही, कान दाखवितो. दंततालव्याच्या घर्षणाची ऊर्जा तालव्याच्या मानाने वरच्या कंपनसंख्यांत असते, म्हणजे जेथे ताल धरणे संपलेले आहे तेथे. तो भेद स्पंदांच्या नुसत्या संख्येवर चालतो. येथे प्रतिमानाचे उत्तर ऑडिओग्रामच्या उत्तरापेक्षा फारसे वेगळे येणार नाही, आणि आवाज वाढविणारे यंत्र येथे बरेच उपयोगी पडेल.

आता ज्याचा ऑडिओग्राम निर्दोष आहे त्याच्याविषयी. तंतू सर्व एका जातीचे नसतात. लिबरमन यांनी १९७८ साली मांजरात दाखविल्याप्रमाणे सुमारे साठ टक्के तंतू शांततेतही भराभर स्पंदत असतात व मंद नादाने जागे होतात. सुमारे सोळा टक्के तंतू शांततेत जवळजवळ निपचित असतात आणि मोठ्या आवाजातच कामाला लागतात. पहिल्यांची मर्यादा संपलेली असते तेव्हा, म्हणजे गोंगाटात, दुसऱ्यांचे महत्त्व. कुजावा व लिबरमन यांनी २००९ साली उंदरांना शंभर डेसिबेलचा आवाज दोन तास ऐकविला. काही दिवसांनी त्यांचे उंबरठे पूर्ववत झाले. पण कर्णशंखाच्या उच्च कंपनसंख्यांच्या भागात पेशी व तंतू यांमधील सुमारे निम्मे सांधे कायमचे नाहीसे झाले होते. पुढे गिनीपिगांत असे आढळले की प्रथम बळी पडतात ते हेच निपचित तंतू. मनुष्याच्या बाबतीत पुरावा अजून वादग्रस्त आहे व 'छुपा बहिरेपणा' हे वृत्तपत्री नाव शास्त्रीय लेखात जपून वापरावे. तरीही पुण्यात राहणाऱ्या अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा पंचावन्न व रात्री पंचेचाळीस डेसिबेलची मर्यादा घातली आहे. आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पथकांनी वर्षानुवर्षे घेतलेली मोजमापे शंभर डेसिबेलच्या पुढे गेलेली आहेत. ढोल-ताशाच्या पथकांतील तरुण तर केवळ मिरवणुकीपुरते नव्हे, आधी कित्येक आठवडे सरावात उभे असतात. त्यांचे ऑडिओग्राम चांगले येतील. प्रतिमानात तिन्ही प्रकारच्या तंतूंची संख्या वापरणाऱ्यास ठरविता येते. निपचित तंतू कमी करून, संभाषणाच्या पातळीवर, मागे गर्दीचा आवाज ठेवून 'बार' व 'भार' ही जोडी घालावी. पहिला संवादी घटक दुसऱ्याहून किती मोठा, हा फरक बारीक असतो; तो मोजावयाचा तर ज्यांची मर्यादा संपलेली नाही असे तंतू हवेत. म्हणजे वार्धक्यात जो भेद शेवटपर्यंत टिकावा असे वर म्हटले, तोच भेद या तरुणांत आधी डळमळावा, असा आमचा तर्क आहे. प्रयोगाने तो खोटा ठरला तरी प्रतिमानाचा उपयोग झालाच.

श्रवणयंत्रांचा प्रश्न याला लागूनच आहे. यंत्राने कोणत्या कंपनसंख्येला किती बळ द्यावे याची जी सूत्रे जगभर चालतात त्यांत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिकी प्रयोगशाळेचे २०११ चे सूत्र प्रमुख आहे. भाषांचा विचार त्यात आहे, पण तो सुरावलीने अर्थ बदलणाऱ्या भाषा आणि न बदलणाऱ्या भाषा एवढाच. चिनीला एक माप, आणि मराठी, इंग्रजी, जर्मन यांना दुसरे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रेमचंद पांडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तंतूंची निवड ढिली झाल्यामुळे होणारा मिसळ टाळण्यासाठी दोन कानांत वेगवेगळे पट्टे वाटून देणे, किंवा प्रत्येक पट्टा आपल्या मध्याकडे दाबून घेणे, अशा युक्त्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. ते या संदर्भात फार महत्त्वाचे आहे, कारण त्याचा रोख आवाज वाढविण्यावर नसून घटक वेगळे राखण्यावर आहे. तिसऱ्या फॉर्मंटचा झुकाव अशा दाबलेल्या पट्ट्यात कितपत शाबूत राहतो, हे मराठी मूर्धन्यांवर पाहिले पाहिजे. कारण मूर्धन्यापूर्वी दुसरा व तिसरा फॉर्मंट एकमेकांजवळ येतात, आणि जे जवळ आहे ते एकाच पट्ट्यात सापडण्याचा संभव अधिक.

हे काम हाती घेताना जोड्या कोणाच्या तोंडून घ्यावयाच्या हाही विचार करावा लागेल. पुण्याच्या पेठांतील उच्चार प्रमाण मानून ध्वनिमुद्रण करणे सोयीचे आहे व म्हणूनच संशयास्पद आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात पुष्कळ ठिकाणी ळ चा य होतो. 'डोळा' चा 'डोया' होतो. तेथील वक्त्याच्या तोंडी जुना ल आणि ळ यांचा भेद नाहीसा झालेला नाही, त्याची जागा बदलली आहे. ल आणि य यांना वेगळे ठेवणारा मुख्य घटक दुसरा फॉर्मंट. य पाशी तो पुष्कळ वर चढतो, आणि हे अंतर ल-ळ यांच्यातील तिसऱ्या फॉर्मंटच्या अंतरापेक्षा मोठे असते. तेव्हा एकच ऑडिओग्राम, एकच वाटणी आणि तंतूंची एकच संख्या असलेले दोन कान घेतले, तर आपल्या माणसांत बसून बोलणे ऐकणाऱ्या वऱ्हाडी म्हाताऱ्याला हा भेद पुण्यातील म्हाताऱ्यापेक्षा अधिक दिवस ऐकू येत राहील असे मानावयास जागा आहे. मात्र तोच मनुष्य मुलाकडे पुण्यास राहावयास आला, की त्याला पुन्हा तिसऱ्या फॉर्मंटवर अवलंबून राहावे लागेल, आणि तेही ज्या भेदाची सवय त्याच्या कानाला तरुणपणीसुद्धा नव्हती त्या भेदासाठी.